दोघांचंही राहू दे

काडी वर आली नव्हती. इन्व्हर्टरच्या बॅटरीवरच्या टोपणाच्या मधल्या भोकातून ती बोटाच्या पेराएवढी डोकावायला हवी – पाणी पुरेसं असलं की काडी वर, पाणी उतरलं की काडी खाली, लहान मुलालाही कळावं इतकं सोपं – आणि इथे एकाही टोपणातून काडी दिसत नव्हती, नुसती काळी भोकं, एका ओळीत. तिने पिळून एक टोपण काढलं, मोबाईलचा उजेड आत टाकला. प्लेटा उघड्या पडल्या होत्या. घशाला खवखवणारा आंबूस वास नाकात गेला. इतक्यात कसं? पाणी मी स्वतः भरलंय, नरसाळं लावून, थेंब बाहेर न सांडता. एवढं पाणी महिनोन् महिने पुरतं. बॅटरी पाणी पीत नाही, तिला कुणीतरी उकळवल्याशिवाय ते जात नाही… आणि कुणीतरी उकळवलंय. माझ्या घरात, माझ्या नाकासमोर.

शेजारच्या खोलीत बाबांचं ऑक्सिजनचं यंत्र चालू होतं. एक सुस्कारा, मग बारीकसा खटका, पुन्हा सुस्कारा. एरवी हा आवाज तिला ऐकूही येत नसे. आज मात्र प्रत्येक खटक्याला तिचा जीव वर जाऊन खाली येत होता.

सकाळी वीज गेली तेव्हा ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. गेली तर गेली, खाली बॅटरी आहे, म्हणून तिने उरलेले कपडेही निवांत झटकून घातले. काल संध्याकाळीही बराच वेळ वीज नव्हती, तेव्हाही काही झालं नव्हतं. खाली येताना सवयीने इन्व्हर्टरकडे नजर गेली – चारही हिरवे दिवे. भरलेली आहे. ती भांडी लावायला लागली आणि मग – दिवा पिवळा पडला नाही, पंखा रेंगाळला नाही, काही म्हणजे काही नाही – सगळं एकदम गेलं. आणि आतून यंत्राची शिट्टी, एकसुरी, न थांबणारी.

सिलिंडरची चावी तिने आधी उलटी फिरवली. बॅटऱ्यांमध्ये आयुष्य घालवलेली बाई, आणि चावी उलटी! मग सुलटी फिरवली, नळी यंत्रावरून ओढून सिलिंडरला खुपसली, बाबांच्या नाकाशी नीट बसवली. त्यांचे ओठ जांभळट झाले होते. आणि ते हात हलवत होते – सावकाश, सावकाश, अशी खूण करत. स्वतःचा श्वास छातीत अडकलेला आणि हा माणूस समजूत माझी काढतोय! तिला त्या हाताचा इतका राग आला की तो धरून गादीवर दाबावा असं वाटलं. तो राग बाबांवर नव्हे, काळजीपोटी आलेला, असं तिने मग स्वतःला सांगितलं… खोटं सांगितलं. राग बाबांवरच होता. फक्त का, ते अजून कळलं नव्हतं.

वीज आल्यावर तिने कामावर कळवून टाकलं, आज येत नाही. टेलिफोन एक्सचेंजच्या बॅटरी-रूममध्ये तिचं काम. तिथे खोलीभर बॅटऱ्यांच्या रांगा, आणि नियम एकच, की एका रांगेत दुसऱ्या वयाची बॅटरीसुद्धा घालायची नाही, दुसऱ्या जातीची तर बातच सोडा. तिने स्वतः किती जणांना झापलं असेल यावरून. शिशाची बॅटरी दमते ती सांगून दमते. दिवे मंद होतात, पंखा कुरकुरतो, माणसाला वेळ मिळतो. लिथियमचं तसं नाही. ती शेवटपर्यंत भरल्यासारखी दिसते, आणि संपली की आतलं सर्किट दार लावून घेतं, बस. चार दिवे आणि मग काळोख… माझी बॅटरी असं करूच शकत नाही. सकाळी जे गेलं ते माझं नव्हतंच. मग काय होतं?

तिने ट्रॉली पुढे ओढली, पाठीमागे हात घालून चाचपलं, मग सरळ फरशीवर आडवी झाली आणि भिंतीकडच्या बाजूला उजेड मारला. इन्व्हर्टरच्या बोल्टवर दोन वायरींची टोकं होती. एकावर एक, एकाच नटाखाली. खालचं तिचं, काळवंडलेलं. वरचं चकचकीत, आणि त्या वायरीचा माग काढत गेलं की थेट भिंतीवर टांगलेली ती पांढरी पेटी.

भावाने पाठवलेली लिथियम बॅटरीची पेटी. ती घरात आल्यापासून तिने तिच्याकडे धड पाहिलंही नव्हतं. झाडलोट करतानाही फडकं तिच्या कडेकडेने फिरायचं. न विचारता पाठवली होती त्याने, जणू घरात बॅटऱ्यांचं कळणारं माणूस कुणी नाहीच! तेव्हा बाबा म्हणाले होते, "अगं, शोभेला लावून ठेवलीये ती. त्याचं मन राहतं. घर तुझ्याच बॅटरीवर चालतंय ना?" आणि तिला बरं वाटलं होतं. या वयात, शोभेला या एका शब्दाने तिला बरं वाटलं होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फरशीवर पडल्या पडल्याच तिने सगळं मांडून पाहिलं, एक्सचेंजमध्ये तक्रार आली की मांडते तसं. इन्व्हर्टर लावलेला शिशाच्या बॅटरीच्या हिशेबाने. तो चार्जिंगला जोर लावतो, लिथियमला तेवढं सोसत नाही, ती दार लावून घेते, की सगळा भार एकट्या जुनीवर. पाणी उकळतं, उडून जातं. वीज गेली की उलटं – नवीचं व्होल्टेज वरचं, म्हणून ती एकटीच देत राहते आणि जुनी नुसती बसून. काल संध्याकाळी दिलं, आज सकाळी उरलंसुरलं दिलं, मग दार बंद. आणि सगळं घर, ते यंत्र, तो सुस्कारा एका क्षणात येऊन पडला कोरड्या पडलेल्या प्लेटांवर. एकमेकींशी न पटणाऱ्या दोघींना एका खुंटीला बांधलं होतं कुणीतरी. कुणी? ती पेटी लावून गेलेल्या दुकानाच्या मिस्त्रीने. आणि भावाच्या सांगण्यावरून, दुसरं काय.

शेजारच्या काकूंना बाबांपाशी बसवून, सिलिंडरची चावी कशी फिरवायची ते दोनदा करून दाखवून ती बाहेर पडली. रस्त्यात फरसबंदी उखडून ठेवली होती, माणसं एका फळीवरून एकेक करून जात होती, आणि समोरून येणाऱ्या गृहस्थाने "आधी तुम्ही" असा हात केला तेव्हा ती त्याच्यावरही खेकसली. तो बिचारा फळीवरच अंग चोरून उभा राहिला. असू दे. आज मला कुणाचा समजूतदारपणा नकोय.

मिस्त्री दुकानाच्या दारातच स्टुलावर बसून वायरीच्या टोकांना टोपणं दाबत होता. तिला पाहून तो उठला, आणि उठण्याच्या त्या घाईवरूनच तिने ओळखलं की याला माहीत आहे.

"दोन्ही बॅटऱ्या एका बोल्टवर कुणी जोडल्या?"

"ताई, बसा ना. पाणी घ्या."

"पाणी नकोय. कुणी जोडल्या?"

"मीच. पण मी सांगितलं होतं त्यांना. म्हटलं, असं नाही करत. एक ठेवा, एक काढा."

"कुणाला सांगितलं? फोनवर, माझ्या भावाला?"

"नाही हो. त्यांचा कुठे संबंध?" मिस्त्रीने हातातली पक्कड उगाचच पुसली. "तुमच्या बाबांना. ते म्हणाले, दोघांचंही राहू दे. मी म्हटलं, साहेब, दोघींचा स्वभाव वेगळा आहे. तर हसले. म्हणाले, अहो, आम्ही जन्मभर तेवढंच केलंय. मग चहा पाजला, घरची चौकशी केली… ताई, ते बोलायला लागले की माणूस हो म्हणूनच उठतो. तुम्हाला काय सांगायचं."

"आणि पाठीमागून जोडायला? समोर दिसू नये म्हणून? तेही त्यांनीच सांगितलं?"

तो पुन्हा वायरीची टोकं दाबायला लागला. मग म्हणाला, "संध्याकाळी येऊन सोडवून देतो मी."

"तुम्ही येऊ नका. माझं मी बघते." तोंडात यापेक्षा जहाल पुष्कळ होतं, पण ते या माणसासाठी नव्हतं. दुसऱ्याच्या वाटचं त्याला कशाला देऊ?

परत येताना तिला पडदे आठवले. समोरच्या खोलीच्या एकाच खिडकीला एक पडदा निळा आणि एक पिवळा. निळा आईच्या पसंतीचा, पिवळा आत्याच्या. दुकानात दोघींचं जुंपलं आणि बाबांनी दोन्ही अर्धे अर्धे आणले. लोक हसायचे. बाबाही हसायचे. कारखान्यात ते कामगार अधिकारी होते आणि त्यांना सगळे मधले साहेब म्हणायचे – मालक आणि कामगार यांच्यामधले – कौतुकाने आणि थोडं चिडवून. संप मिटवून घरी आले की त्यांच्या चेहऱ्यावर एक तृप्ती असायची, दोन्ही बाजू थोड्या थोड्या नाराज झाल्याची. तिला बाहेरगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, आईने नको म्हटलं, तेव्हाही मधला मार्ग निघालाच: इथल्याच तंत्रनिकेतनात डिप्लोमा. धाकट्याच्या वेळी मधला मार्ग काढावा लागला नाही, कारण त्याला नको म्हणणारं कुणी नव्हतं. तो गेला. मग आई गेली, मग बाबांची छाती अधू झाली, आणि दोघांनी मिळून करायचं ठरलं – तो फोन करणार, मी बाकीचं. तो मधला मार्ग नेहमी माझ्याच अंगावरून कसा जायचा? आणि मी चिडले की म्हणायचे, ठिणगी आहे आमची. ठिणगी! कौतुकाने म्हणायचे, म्हणजे मग रागाचं कारण कुणी विचारायला नको.

फोन वाजला. भावाचा. बँकेच्या आडोशाला उभी राहून तिने तो घेतला. काकूंनी त्याला कळवलं असावं.

"ताई, काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"आत्ता बरे आहेत."

"अगं, पण ती बॅटरी नवीकोरी आहे. असं कसं बंद पडलं? मी सगळ्यात चांगली बघून पाठवली होती."

"एकटी लावली असती तर चाललं असतं. जुनीशी जोडली होती."

"जुनी? तुझी जुनी तर काढली ना तेव्हाच? बाबा म्हणाले, काढून कोपऱ्यात ठेवलीये. घर तुझ्याच बॅटरीवर चालतं म्हणाले, तिची नुसती पडून आहे, तिला वाईट वाटू नये म्हणून टाकली नाही." तो थांबला. "मी म्हटलं, बरं."

तेच वाक्य. घर तुझ्याच बॅटरीवर चालतं. तिला दिलेलं तेच त्यालाही, मापात जरासुद्धा फरक न करता.

"मी येऊ का?" भाऊ म्हणाला. आवाज खरोखर घाबरलेला होता. तिला तो तसा नको होता. तिला तो निर्लज्ज, हात झटकणारा हवा होता. त्याच्यासाठी सकाळपासून किती काय काय जमवून ठेवलं होतं!

"ये म्हटलं तर येशील?"

"बघतो ना… शनिवारचं जमतं का, बघतो."

बघतो. हाही त्यांचाच शब्द. तिने फोन बंद केला, आणि तिच्या लक्षात आलं की आता चिडायला दुसरं कुणी उरलेलं नाही. नाकात नळ्या असलेला, वाऱ्याने उडेल असा एक म्हातारा माणूस तेवढा उरलाय. त्याच्यावर कसं चिडायचं असतं, ते कुणी शिकवलेलं नाही.

पण ती चिडली. काकू गेल्या, दार लागलं, आणि तिने पलंगाशी खुर्चीही ओढली नाही, उभ्यानेच विचारलं, "मला सांगितलं शोभेला आहे. त्याला सांगितलं कोपऱ्यात आहे. बाबा, काय म्हणायचं याला?"

बाबा उशीला टेकून बसले होते. त्यांनी आधी एक श्वास पुरता घेतला. हल्ली प्रत्येक वाक्याआधी त्यांना तो घ्यावा लागे. "दोघांनाही वाईट वाटायला नको म्हणून गं."

"आणि तुम्ही मेला असतात तर? तर वाईट वाटलं नसतं दोघांना?"

"ठिणगे…"

"ठिणगी म्हणू नका मला! तुमचे ओठ काळे पडले होते. मी बघितलेत. सगळ्यांची मनं राखता राखता तुम्ही स्वतःचा श्वास वाटून टाकलात, कळतंय का? बॅटरीला मन नसतं बाबा. ती तडजोड करत नाही." तिचा आवाज फाटला, तरी थांबता येईना. "जन्मभर दोन्ही डगरींवर हात. मी जाऊ का राहू, नाही सांगितलंत. आई चुकली का मी, नाही सांगितलंत. एकदा तरी, एकदा तरी एका बाजूने बोला ना! मला चालेल. विरुद्ध असलं तरी चालेल."

बाबांनी हात उचलला, तो सकाळचाच हात, सावकाश म्हणणारा. मग अर्ध्यावर आणून खाली ठेवला. यंत्राचा सुस्कारा, खटका, सुस्कारा. वीज होती, पण ती किती वेळ, कुणाला ठाऊक? कालपासून तिचा नेम नव्हता. भांडत बसायला सवड नव्हती. हे तर आणखी संतापजनक.

तिने यंत्र सरळ भिंतीतल्या प्लगवर लावलं, सिलिंडर हाताशी आणून ठेवला, इन्व्हर्टर बंद केला आणि पाना घेऊन परत फरशीवर आडवी झाली. आता एक ठेवायची आणि एक काढायची. कुठली, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. एक्सचेंजमध्ये नवख्या पोरीनेही बघताक्षणी सांगितलं असतं. जुनीच्या प्लेटा उघड्या पडून कोरड्या झाल्या आहेत, वय झालंय, पाणी भरलं तरी तिच्यावर जीव टांगता येणार नाही. नवीला काही झालेलं नाही. इन्व्हर्टरच्या पाठीमागचा, बॅटरीची जात ठरवणारा खटका लिथियमवर करायचा, की ती एकटी नीट चालेल. बरोबर उत्तर हे आहे. आणि ते बरोबर उत्तर त्याचं आहे… न विचारता, न कळता, लांब बसून, एका फोनवर पाठवलेलं. मी वर्षानुवर्षं पाणी घालतेय, टोकांवरची बुरशी गरम पाण्याने धुतेय, व्हॅसलीन लावतेय. आणि जाणार माझीच.

नट घट्ट बसला होता. ती सोडवत होती आणि मनातल्या मनात बाबांशी भांडत होती. कारण ते आता काय म्हणणार, तिला पाठ होतं. म्हणतील, अगं, तुझी कशाला काढलीस? म्हणतील, दोन-चार दिवस राहू दे, मग बघू. त्याला काही कळवू नकोस, म्हणतील. प्रत्येकावर तिने उत्तर तयार केलं. 'तुझी कशाला'वर तर तीन उत्तरं केली, एकाहून एक झोंबणारी, आणि त्यातलं कुठलं आधी द्यायचं हेही ठरवलं. नट सैल झाला. तिने तिची वायर बाहेर काढली, तिच्या टोकाला चिंधी गुंडाळली, दुसरी परत बसवून नट आवळला, खटका फिरवला, इन्व्हर्टर चालू केला. मग इन्व्हर्टरला वीज देणारं भिंतीवरचं बटण बंद करून पाहिलं. दिवा हललाही नाही. यंत्र पुन्हा इन्व्हर्टरवर घेतलं, सुस्कारा, खटका. बराच वेळ ती तशीच ऐकत उभी राहिली. चाललं. बाबा जगणार होते, निदान या कारणाने तरी मरणार नव्हते.

बाहेर उजेड उतरायला लागला होता. ती हात न धुताच खोलीत गेली. ते जागे होते.

"झालं?"

"झालं."

श्वास. "कुणाची काढलीस?"

विचारलंच. तिने पाना दुसऱ्या हातात घेतला. एक क्षण वाटलं, सांगावं काहीही, त्यांच्यासारखंच. कळणार कुठे आहे त्यांना? मग म्हणाली, "माझी."

आणि थांबली. उत्तरं ओठांवर होती, तिन्ही.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. नेहमीसारखं नाही, समजूत काढण्याआधी माणसाला जोखतात तसं नाही. नुसतं पाहिलं. एक श्वास घेतला, पुरता.

"बरं झालं," ते म्हणाले.

बस, एवढंच. पुढे 'पण' नाही, मागे 'तसं' नाही. त्यांनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता, पुष्कळ दिवस धरून ठेवलेली कसलीतरी वस्तू खाली ठेवता आल्यासारखा.

ती उभी. तयार केलेलं एकही उत्तर यावर बसत नव्हतं. बरं झालं – म्हणजे काय बरं झालं? प्रश्न मिटला, ते? जीवावरचं टळलं, ते? की तुझी गेली, ते? हे त्यांना आधीपासूनच हवं होतं का, पहिल्या दिवसापासून, आणि फक्त तोंडाने म्हणता येत नव्हतं? एका बाजूने बोला, म्हणून दुपारी ओरडले होते मी. विरुद्ध असलं तरी चालेल, म्हणाले होते. बोलले ते. आयुष्यात पहिल्यांदा माझा बाप एका बाजूने बोलला, दोन शब्द, आणि मला ते चालत नव्हतं… राग तसाच होता, गरम, पण त्याच्या खाली आता दुसरंच काहीतरी सरकत होतं. तुझी कशाला काढलीस, एवढं ऐकायला मी दिवसभर आसुसले होते की काय?

विचारता आलं असतं. ते जागेच होते, पापण्या हलत होत्या. बाबा, बरं झालं म्हणजे काय, इतकंच तर विचारायचं. ती पलंगापाशी गेली, नळीला पडलेला पीळ सोडवला, तोंड उघडलं आणि मिटलं. जन्मभर त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही म्हणून मी चिडत आले. आणि आत्ता, विचारलं तर ते सरळ उत्तर देतील, याची मला भीती वाटत होती.